नासपतीच्या प्रकरणातलं वाक्य

शनिवार, १६ फेब्रुवारी

मागच्या शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की ऑफिसातल्या प्रुइटनं माझं वाक्य माझ्या पाठीमागे बदललं. ते खरं नाही.

आमच्या घरचा नियम असा की वहीत लिहिलेलं खोडायचं नाही. चूक कळली की नवी तारीख घालून दुरुस्ती लिहायची. मी शाळेत अकराव्या वर्षी गेले. त्याआधीची सगळी शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आईबाबांकडे झाली. सहाव्या वर्षी बाबानं पहिली वही दिली. तिच्यातली पहिली दुरुस्ती अजून वाचता येते: 'काल मी लिहिलं की केक मांजरानं खाल्ला. मांजरानं कडा खाल्ल्या.'

तर दुरुस्ती. प्रुइटनं वाक्य बदललं हे खरं, पण माझ्यासमोर बदललं. गुरुवारी, ७ तारखेला चार वाजता त्यानं बदललेला मसुदा मला पाठवला, बदल लाल रंगात. खाली लिहिलं होतं, 'उद्या दुपारी बारापर्यंत हरकत आली नाही तर तुमच्या विभागाची मंजुरी आहे असं समजू.' शुक्रवारी मी तो नऊ चाळीसला वाचला. दहा वाजता प्रुइट माझ्या टेबलाशी आला. "मेल बघितलास?" साडेअकराला परत आला. "नक्की बघितलास ना? बारा वाजता मुदत आहे." मी म्हटलं, हो, बघितला. त्यानं माझ्या टेबलावरचं कॅलेंडर सरळ केलं आणि तो गेला. बारा वाजले. मी काही लिहिलं नव्हतं.

म्हणजे वाक्य माझ्याच मंजुरीनं बदललं. हे लिहिताना बोटं गार पडली आहेत. खिडकीही उघडी आहे, तेव्हा नक्की कशानं ते सांगता येत नाही.

वाक्य कोणतं तेही लिहून ठेवते. जगात कुठे माणसांशी सरकारं कशी वागतात याचा अहवाल आमचं परराष्ट्र खातं दरवर्षी काढतं, आणि त्यातलं एका लहान देशाचं प्रकरण माझ्याकडे आहे. ही वही रोज मेट्रोनं माझ्याबरोबर फिरते, म्हणून देशाचं नाव लिहीत नाही. नकाशावर तो नासपतीसारखा दिसतो, तर नासपतीच म्हणते. माझं वाक्य असं होतं: 'जूनमध्ये बंदराच्या गावी लष्करानं गोदी कामगारांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. अकरा जण मेले.' खाली अकरा नावं. आता तिथे असं आहे: 'जूनमध्ये बंदर भागात गोंधळ होऊन काही जीवितहानी झाल्याचं वृत्त आहे.'

नासपतीत आपल्या विमानांची एक धावपट्टी आहे. तिचा करार एप्रिलमध्ये नव्यानं व्हायचा आहे. तो सांभाळणं हे प्रुइटचं काम. नासपतीशी संबंध सांभाळणारं टेबल त्याच्याकडे आहे.

मी गप्प का बसले? घाबरून नाही (थोडं घाबरून). माझं मत ठरलं नव्हतं. आम्ही क्वेकर, म्हणजे पाद्रीशिवाय, शांत बसून प्रार्थना करणारे ख्रिस्ती. आमच्या सभेत मत ठरेपर्यंत माणूस गप्प बसतो, आणि सभाही त्याच्यासाठी गप्प बसून राहते. तेवीस वर्षं मी तेच करत आले. आमच्याकडे गप्प बसलेला माणूस अजून ऐकत असतो. या इमारतीत गप्प बसलेल्या माणसानं सही केलेली असते. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं.

रविवार, १७ फेब्रुवारी

सभेला गेले. पाऊण तास शांतता होती आणि पाऊण तास माझ्या डोक्यात बाराचे ठोके पडत होते. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की त्यांच्या अंगणातल्या खारीनं ट्यूलिपचे सगळे कांदे उकरून दुसरीकडे पुरले आहेत आणि या वर्षी फुलं शेजाऱ्याकडे येतील, याबद्दल ते देवाचे आभार मानतात. खाली बसले. मला एकदम बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

सकाळी नासपतीच्या वकिलातीकडून मिठाईचा मोठा डबा आला. तीळ, मध आणि कसलातरी सुका मेवा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'आपल्या मैत्रीस.'

मी भेटवस्तूंचा फॉर्म काढला. ओडेसाबाई हसायला लागल्या. त्या आमच्या विभागाचं कार्यालय सांभाळतात, एकतीस वर्षं. चार राष्ट्राध्यक्षांची चित्रं त्यांनी स्वतःच्या हातानं भिंतीवरून उतरवली आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना नुसतं ओडेसा म्हटलं होतं, कारण आमच्या घरी कुणालाच मान लावत नाहीत, बाबा गव्हर्नरलासुद्धा 'तू' म्हणाला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या बाबाच्या घरी काय ते असो, पोरी. इथे मी बाई आहे."

"किती नग होते?" मी विचारलं.

"अठ्ठेचाळीस," ओडेसाबाई म्हणाल्या. "प्रुइट येईपर्यंत."

प्रुइटच्या तोंडात एक होता. "मी तपासणी करतोय," तो म्हणाला. "देशाच्या सुरक्षेसाठी."

"किती खाल्लेस? मला फॉर्मवर लिहायचं आहे."

"तीन. हा धरून चार. लिही, पुरावा नष्ट झाला, अधिकाऱ्याचा जीव धोक्यात." त्यानं माझ्या हातून फॉर्म घेतला आणि त्याच्या त्या हिरव्या शाईच्या पेनानं सही केली. सगळी इमारत काळ्या शाईत लिहिते आणि हा हिरव्या. मग डबा माझ्यापुढे धरून म्हणाला, "घे की एक. छान आहे."

मी म्हटलं, या डब्यातलं माझ्या घशाखाली उतरणार नाही. त्यानं डबा बंद केला. "माझ्याही चौथा उतरला नाही," असं काहीतरी म्हणाला. बहुधा फार गोड असावा.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

धीर करून हॅलच्या खोलीत गेले. हॅल आमचे विभागप्रमुख. आडदांड, दमलेले, चांगले गृहस्थ. त्यांच्या टेबलावर मुलीनं मातीचा केलेला एक पाणघोडा आहे आणि बोलताना ते त्याच्या पाठीवरून हात फिरवतात.

मी सांगितलं की मंजुरी माझ्या गप्प बसण्यातून गेली आणि मला ती द्यायची होती की नाही हेच तेव्हा ठरलं नव्हतं.

"प्रामाणिक आहेस," ते म्हणाले. "आता माझं ऐक. ती धावपट्टी नुसती लढाऊ विमानांची नाही. शेजारच्या देशात दोन वर्षं पाऊस नाही, आणि धान्याची विमानं तिथूनच जातात. करार मोडला तर दोन लाख माणसं कुणाकडे बघणार? तुझ्या अकरा नावांकडे?"

मी पाणघोड्याकडे पाहिलं.

"आपण तत्त्व सोडत नाही आहोत, टेसी. आवाज कमी करतोय. ऐकू येईल इतका ठेवलाय."

अकरा हा आकडा आता ऐकू येत नाही, हे उत्तर मला लिफ्टमध्ये सुचलं. लिफ्टमध्ये फक्त एक प्लंबर होता. त्याला सांगून उपयोग नव्हता.

हॅलनी एक गोष्ट मात्र स्वतःहून सांगितली. अहवाल १३ मार्चला मंत्र्यांच्या सहीला जातो. तोवर ज्यानं मंजुरी दिली तो ती मागे घेऊ शकतो. मात्र लेखी, स्वतःच्या नावानं. मग कागद दोन मतांसह वर जातो आणि मंत्र्यांना दोन वाक्यांपैकी एकावर स्वतःच्या हातानं खूण करावी लागते. "वरच्यांना असला कागद आवडत नाही," ते म्हणाले. "बावीस वर्षांत मी दोनदा पाहिला." मग पाणघोड्याची पाठ चोळत म्हणाले, "तुझी कायम होण्याची फाइल एप्रिलमध्ये येते ना?" मी म्हटलं, हो. "हवा सुधारतेय," ते म्हणाले.

फाइलची तारीख त्यांच्या लक्षात आहे याचं मला बरं वाटलं. इतक्या कामात.

सोमवार, २५ फेब्रुवारी

आज पत्र लिहायचं ठरवलं होतं. मायना ठरला नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

सकाळी माझ्या कॉफीच्या मगाखाली एक कागद घडी करून ठेवलेला होता. आमच्या तिथल्या दूतावासानं नोव्हेंबरमध्ये पाठवलेल्या पत्राची प्रत, भाषांतरासह. पत्र बंदराच्या गावातल्या इद्रा नावाच्या बाईचं. ती जाळी विणते. पत्र सबंध उतरवत नाही, पण हे उतरवते:

'माझ्या नवऱ्याला मी स्वतः पुरलं. पण तो मेला असं इथे कुणी लिहून देत नाही. गोदीच्या दफ्तरात तो गैरहजर आहे. दर महिन्याला त्याच्या नावानं नोटीस येते की कामावर का येत नाहीस, कारण कळव. पहिल्या नोटिशीला मी कारण कळवलं. आता नोटिशीत लिहितात की बायकोनं सही करू नये, त्यानं स्वतः करावी. न्यायाधीश म्हणाले, आपल्या सरकारनं लिहिलं नाही तर मी काय करू? दुसऱ्या कुठल्या सरकारनं लिहिलं असेल तर तो कागद आण, मी दाखल करून घेईन. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही दरवर्षी लिहिता असं ऐकलं आहे.'

मी हसले आणि मग मला रडू आलं. दोन्ही टेबलाशी बसूनच.

खाली अकरा बायकांच्या सह्या आहेत. प्रत्येक सहीपुढे हिरव्या शाईत आकडा घातला आहे, एक ते अकरा. दूतावासात कुणीतरी मोजल्या असाव्यात.

कागद कुणी ठेवला असं मी ओडेसाबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा खाली करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "या नोकरीच्या परीक्षेत तू सगळ्यांत पहिली आलीस म्हणे," त्या म्हणाल्या.

"दुसरी," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या.

रविवार, ३ मार्च

काल घरी, पेनसिल्व्हेनियाला आले. बाबा अळंब्यांच्या खोलीत होता. लहानपणापासून माझी काळजी करायची जागा तीच. आत ऊब असते, अंधार असतो, आणि खताचा वास असा की कुणी फार वेळ उपदेश करू शकत नाही.

मी सगळं सांगितलं. देशाचं नाव सोडून. बाबा फळीवरच्या अळंब्या पिरगळून काढत होता, एकेक, देठ न मोडता.

"धान्याचं ते खरं आहे?" त्यानं विचारलं.

"खरं आहे. मी आकडे पाहिले."

"मग तो हॅल वाईट माणूस नाही."

"नाही ना! तोच तर त्रास आहे."

बाबा हसला. "वाईट माणसं मिळाली असती तर तुला किती सोपं गेलं असतं, टेसी. तू मात्र चांगल्यांच्या इमारतीत नोकरी धरलीस."

मग त्यानं सभेच्या जुन्या मसणवटीची गोष्ट काढली. मी जन्मायच्या आधी गावचा रस्ता तिच्या कडेवरून न्यायचा ठरला. जमीन द्यावी असं सगळ्यांचं मत झालं, कारण रस्त्यामुळे दवाखाना जवळ येणार होता. बाबाला ते पटेना. सभा अडवायचीही नव्हती. तेव्हा त्यानं आमच्या रीतीप्रमाणे इतिवृत्तात आपलं नाव घालून घेतलं: 'इलायस पेनॉक बाजूला उभा राहतो.'

"काय उपयोग झाला? रस्ता तर झालाच."

"झालाच. छान आहे. मी रोज जातो त्यावरून."

"मग?"

"मग काय! पुढे एक वळण आहे बघ, जुन्या ओकच्या झाडापाशी."

"ते ओढ्यामुळे आहे ना?"

"ओढा पलीकडे आहे, बयो. नकाशा काढणाऱ्यानं इतिवृत्त वाचलं आणि मला विचारायला आला, तुझं नक्की म्हणणं काय? मी म्हटलं, इथे बावीस जणांना पुरलंय, त्यांची नावं मला माहीत आहेत. त्यानं पेन्सिल काढली." बाबानं टोपली माझ्या हातात दिली. "आणि त्यानं पेन्सिल काढली नसती तरी चाललं असतं. मोठी माणसं हो म्हणोत, नाही म्हणोत, ते त्यांचं. आपण एवढंच बघायचं की त्यांनी झोपेत म्हणू नये."

लहानपणापासून मी त्या वळणावर सायकलवरून पडत आले आहे. आज चालत गेले आणि बघून आले. ओढा खरंच पलीकडे आहे.

आईनं ओडेसाबाईंसाठी टोपलीभर अळंब्या बांधून दिल्या आहेत. याला फॉर्म लागतो का, उद्या बघायचं.

मंगळवार, ५ मार्च

पत्र लिहिलं. अर्धं पान झालं. पहिल्या परिच्छेदात, ८ फेब्रुवारीची मंजुरी माझ्या मौनातून गेली, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. दुसऱ्यात धावपट्टीची बाजू, धान्यासकट, हॅलनी मांडली तशी, एक शब्द कमी न करता. ती मला कमकुवत करून लिहायची नव्हती. तिसऱ्यात इद्राचं पत्र आणि माझं वाक्य, अकरा नावांसह. शेवटी, करार करावा की नाही हे मी सांगत नाही. अकरा माणसं मेली आहेत हे मान्य करूनही करार करता येतो. ती मेलीच नाहीत असं लिहून मात्र आपण त्यांना गोदीसारखंच गैरहजर मांडतो.

हे शेवटचं वाक्य जरा भारी झालं असं वाटून खोडलं. मग वहीचा नियम आठवला. पत्राला तो लागू नाही, पण ठेवलं.

प्रुइट मागून वाचत होता. मी कागद झाकला.

"कधी देणार?" त्यानं विचारलं.

"का?"

"सहज. मी शुक्रवारपासून आठवडाभर स्कीइंगला जातोय. व्हरमाँटला."

"तुला बरंच आहे मग. तू नसताना होऊन जाईल."

त्याचा चेहरा उतरला. मला वाटतं, त्याला माझ्या बोलण्यात टोमणा वाटला. तसा नव्हता. त्याला दोन अळंब्या दिल्या. कच्च्याच खाल्ल्या.

गुरुवार, ७ मार्च

हॅल हा आठवडाभर नासपतीत आहेत, कराराच्या बोलण्यांना. सोमवारी सकाळी परत येतात. ओडेसाबाई म्हणाल्या, पत्र आत्ताच वर पाठव, ते यायच्या आत सगळं होऊन जाईल, ओरडायला कुणी नाही.

हे फार सोयीचं आहे. वर पाठवायचं बटण मी एकदा दाबायला गेले आणि बोट मागे घेतलं. ज्या गोष्टीचा मी प्रुइटवर खोटा आरोप केला, तीच गोष्ट ही. पाठीमागे.

"बाई, मी त्यांच्या हातात देणार," मी म्हटलं. "आधी त्यांच्या, मग वर."

"ते तुला थांबवायला बघतील."

"बघू देत."

ओडेसाबाईंनी मान हलवली. "एकतीस वर्षांत इथे पुष्कळ शूर माणसं पाहिली. सगळी ईमेलवर," त्या म्हणाल्या. मग मला अळंब्यांची पाककृती विचारली. त्यांनी ती लिहूनही घेतली. मला वाटतं, त्यांना ती येत होती.

शुक्रवार, ८ मार्च

प्रुइट स्कीइंगला गेला नाही. म्हणतो, बर्फ नाही. व्हरमाँटमध्ये काल दोन फूट पडल्याचं मी पेपरात वाचलं, पण तो पेपर वाचत नसावा. त्याला सांगून त्याची रजा आणखी वाईट करायची नाही असं ठरवलं.

त्यानं विचारलं, दोन मतांचा कागद झाला तर नासपतीच्या टेबलाला आपलं मत जोडावं लागतं, ते कुणी लिहायचं? मी म्हटलं, तूच, दुसरं कोण. "हो, मीच," तो म्हणाला. "तेवढ्यासाठी इथे असावं लागतं ना." मग म्हणाला, "टेसी, तुला दुसरं मत माझंच असेल असं इतकं नक्की का वाटतं?"

मी म्हटलं, तुझं काम आहे ते. तो हसला आणि हिरवं पेन कानामागे लावून निघून गेला. त्याचं बोलणं कधी कधी मला कळत नाही. पण आज सबंध दिवस मी उगाचच आनंदात होते.

रविवार, १० मार्च

आज उन्हाळ्याच्या वेळेसाठी सगळ्यांनी घड्याळं एक तास पुढे केली. शंका घ्यायला एक तास कमी मिळाला, बरं झालं.

सभेला गेले. शांतता होती, नुसती शांतता, बाराचे ठोके नाहीत. खारीवाले गृहस्थ शेजारी बसले होते. बाहेर पडताना त्यांना विचारलं, शेजाऱ्याकडे ट्यूलिप उगवले का? म्हणाले, टोकं दिसायला लागली आहेत. लाल की पिवळे ते अजून कळत नाही.

फाइलचं एप्रिलमध्ये काय होईल ते मला माहीत नाही. मंत्री कोणत्या वाक्यावर खूण करतील तेही माहीत नाही. धान्याची विमानं थांबली तर ते माझ्याही डोक्यावर असेल, हे पत्रात लिहिलं आहे आणि इथेही लिहिते. हे सगळं माहीत नसताना मन ठरलं आहे, आणि ठरल्यावर गप्प बसायला आमच्या सभेतही परवानगी नाही.

मंगळवारपर्यंत थांबले तर सहीला एकच दिवस उरेल आणि हॅलना उत्तर द्यायला वेळ मिळणार नाही. ते बरोबर नाही. ते उद्या दहाला येतात. विमानातून उतरून थेट. आधी त्यांना कॉफी देऊ दे, असं ओडेसाबाई म्हणाल्या आहेत. तेवढं थांबेन. कॉफी म्हणजे पाच मिनिटं. बारापर्यंत नाही.

पत्राची छापील प्रत पिशवीत आहे. खाली नाव आहे, टेसी पेनॉक. सही केली आहे, काळ्या शाईनं.

उद्या. सोमवार, ११ मार्च, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी.